गोल्फवारीचे नाना

नानांचा गोल्फचा मोसम जानेवारीत सुरू होतो आणि एप्रिलमध्ये, म्हणजे मैदानांवरचा बर्फ वितळून बाकीची दुनिया खेळायला बाहेर पडते तेव्हा, जवळजवळ संपतो. नेपरव्हिलला बाहेर हाडं गोठवणारा वारा सुटलेला असावा, रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या गाड्या फिरत असाव्यात आणि तळघरात नानांनी कानटोपी घालून लॅपटॉपपुढे बैठक मारलेली असावी. हा त्यांचा ऐन हंगाम. वरून वहिनी चहा पाठवतात. पाठवतात म्हणजे जिन्याच्या वरच्या पायरीवर कप ठेवून "झालाय" असं ओरडतात.

फेब्रुवारीत नाना फोनवर येतात. शिकागोच्या तिन्ही बाजूंच्या (चौथ्या बाजूला लेक मिशिगन आहे) सार्वजनिक गोल्फ मैदानांच्या प्रो-शॉपना फोन लावून ते एकच प्रश्न विचारतात: यंदा ग्रीन्सना भोकं कधी पाडणार? ज्यांचा गोल्फशी संबंध नाही त्यांना हे वेडेपणाचं वाटेल, पण प्रश्न शास्त्रशुद्ध आहे. माणसांच्या पायांखाली ग्रीनची, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीची, माती दबून घट्ट होते, मुळांना हवा मिळेनाशी होते. म्हणून वर्षातून एकदा-दोनदा यंत्रानं तिला बारीक भोकं पाडतात आणि वर वाळू पसरतात. पुढचे काही दिवस चेंडू ग्रीनवरून सरळ न जाता खडबडत, अडखळत जातो. त्या काळात काही मैदानं दरही उतरवतात. दर उतरला तरी नाना न हलणारे असे वर्षातले एवढेच दिवस. भोकांचा पंधरवडा त्यांनी पितृपक्ष धरलेला आहे, आणि बऱ्याच ठिकाणी तो खरोखरच पितृपक्षाच्या आसपास येतो.

बाहेर बर्फ पडत असताना प्रो-शॉपमध्ये बसलेल्या माणसाला दिवसभरात दुसरं कुणी विचारत नसतं. तो खुलतो. मग नानाही खुलतात. एकदा माझ्यादेखत बोलणं भोकांवरून गवताच्या जातींवर आणि तिथून त्या माणसाच्या सासूच्या पाठदुखीवर गेलं. चहा पायरीवरच गार झाला.

हा सगळा खटाटोप गोल्फवारीसाठी. नानांचे इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलातले मित्र न्यू जर्सी, डॅलस, सिएटल, टोरांटो असे पांगलेले आहेत. वर्षातून एकदा चार दिवस त्यांनी शिकागोला जमायचं आणि उपनगरांतल्या सार्वजनिक मैदानांवर खेळायचं, असा नानांनी घालून दिलेला नेम आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नावच 'गोल्फवारी'. मी काही त्या हॉस्टेलातला नव्हे. मी शेजारी. पण गोल्फमध्ये चौघांचा गट असतो, आणि सातच जण आले तर नानांच्या लॅपटॉपवरच्या तक्त्यात एक चौकोन रिकामा दिसतो. तो चौकोन म्हणजे मी.

नानांचं बालपण पुण्यातलं. येरवड्यावरून विमानतळाकडे जाणाऱ्या बसमधून त्यांनी गोल्फचं मैदान पाहिलं होतं, म्हणजे मैदानाचं कुंपण पाहिलं होतं. पलीकडचं गवत कुणासाठी आहे हे कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती. आपल्यासाठी नाही एवढं कळत होतं. गोल्फ म्हणजे लष्करातले मोठे अधिकारी, कारखानदार आणि त्यांच्या पिशव्या वाहणारी पोरं. पुढे नव्वदच्या दशकात नाना इकडे आले. ऑफिसातल्या एकानं त्यांना नेपरव्हिलच्याच पार्क डिस्ट्रिक्टच्या मैदानावर, स्प्रिंगब्रुकला नेलं. आपण मेंबर नाही, आत सोडतील का, असं नानांनी दारातच विचारलं. तो म्हणाला, पैसे भर आणि खेळ. हे सांगताना नानांचा आवाज अजूनही उतरतो. गावाचं सार्वजनिक गोल्फ मैदान! वर गावात राहतो म्हणून दरात सवलत! त्या दिवशी ते कसे खेळले याची कुठे नोंद नाही. येताना ते दरपत्रक मात्र घेऊन आले.

ते दरपत्रक हा या पंथाचा मूळ ग्रंथ. शनिवार-रविवारचा दर वेगळा, मधल्या वाराचा वेगळा. संध्याकाळी उशिरा सुरू करणाऱ्यांना ट्वायलाइट दर. शिकागोला जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड असतो, त्यामुळे त्यात अठरा होल बसवता येतात का, हे नानांनी उन्हाची उतरती तपासून काढलेलं आहे. बसतात, फक्त पुढचा गट हळू नसावा. ज्येष्ठांचा दर कुठे पंचावन्नला सुरू होतो, कुठे साठला. माणसं पंचावन्न पूर्ण झाली की जरा गप्प होतात. नानांनी त्या दिवशी पेढे वाटले. आणि रहिवाशांचा दर. नेपरव्हिल गाव ड्यूपेज आणि विल अशा दोन काउंट्यांत पसरलेलं आहे. ड्यूपेजच्या वनसंरक्षण खात्याची स्वतःची गोल्फ मैदानं आहेत आणि तिथे ड्यूपेजकरांना खेळणं स्वस्त पडतं. नानांचं घर हद्दीच्या बरोबर अलीकडे, ड्यूपेजमध्ये आहे. "घर घेताना आम्ही शाळा बघितल्या," असं वहिनी पाहुण्यांना सांगतात. नाना तेव्हा खिडकीबाहेर बघतात.

पाहुणे ओ'हेअरला उतरले की पहिल्या संध्याकाळी तळघरात नाना भिंतीवर प्रोजेक्टर लावतात. आमच्यातले काही जण हे भाषण तोंडपाठ म्हणू शकतील. सुरुवात १८९३ पासून. त्या वर्षी सप्टेंबरात स्वामी विवेकानंद शिकागोत बोलले, आणि त्याच वर्षी शिकागोच्या पश्चिमेला डाउनर्स ग्रोव्ह इथे चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्डनं अमेरिकेतलं पहिलं अठरा होलचं मैदान पुरं केलं. त्याच साली शिकागोत एक जागतिक प्रदर्शनही भरलं होतं, ज्याच्यामुळे खरं तर सगळी दुनिया तिथे आली होती, पण नानांच्या भाषणात त्याला जागा नाही. पुढे १८९५ साली तो क्लब व्हीटनला गेला. तिथे तो आजही आहे आणि तुम्हा-आम्हाला तिथे कुणी उभं करणार नाही. पण डाउनर्स ग्रोव्हची मूळ जागा आता पार्क डिस्ट्रिक्टच्या ताब्यात आहे. नऊ होलचं साधं मैदान. कुणीही जावं, पैसे भरावेत, खेळावं. "म्हणजे शेठ लोक गेले आणि जमीन आपल्याला राहिली," नाना म्हणतात. मग आपण उगाचच टाळ्या वाजवतो.

पुढच्या चित्रात कँटिग्नी. 'शिकागो ट्रिब्यून'चे मालक कर्नल रॉबर्ट मॅककॉर्मिक यांची ही व्हीटनची इस्टेट. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या पहिल्या डिव्हिजनमधून लढले, फ्रान्समधल्या ज्या गावी १९१८ ची लढाई झाली त्याचं नाव त्यांनी आपल्या इस्टेटीला दिलं आणि मागे ती लोकांसाठी ठेवून गेले. तिथे सत्तावीस होलचं गोल्फ आहे, बागा आहेत, डिव्हिजनचं संग्रहालय आहे आणि बाहेर हिरवळीवर खरेखुरे रणगाडे उभे आहेत. नानांच्या तक्त्यात 'न खेळणाऱ्या बायकामुलांची सोय' असा रकाना आहे. कँटिग्नीसमोर त्यात 'रणगाडे' असं लिहिलेलं आहे.

मग उत्तरेकडे ग्लेनव्ह्यूचा ग्लेन क्लब, जिथे पूर्वी नौदलाचा विमानतळ होता आणि आता टॉम फाझिओनं आखलेल्या टेकड्या आहेत. त्याच्याही वर मुंडेलाइनला पाइन मेडो, धर्मगुरू तयार करणाऱ्या कॅथलिक सेमिनरीच्या जमिनीवरचं. "तिथे शिव्या जपून," एवढीच नानांची सूचना. दक्षिणेला हार्बरसाइड, शहराच्या कचऱ्याच्या भरावावर उभं केलेलं; झाड नाही, आडोसा नाही आणि वारा असा की टोपी आणि चेंडू दोन्ही इंडियानाच्या दिशेनं. अ‍ॅडिसनचं ओक मेडोज पूर्वी सॉल्ट क्रीकच्या पुरात बुडायचं; आता ते मुद्दाम पुराचं पाणी पोटात घेईल असं नव्यानं बांधलंय, २०१७ पासून खुलं आहे. नाना त्यावर पाच मिनिटं बोलतात. डॅलसवाले तोवर झोपलेले असतात, त्यांची चूक नाही, त्यांनी पहाटेचं विमान पकडलेलं असतं. पहाटेचं विमान स्वस्त असतं हेही त्यांना नानांनीच शोधून दिलेलं असतं.

एवढी मैदानं, आणि प्रत्येकासमोर रकाने. ओ'हेअरपासूनचं अंतर, टोल किती, कार्ट सक्तीची आहे का. पाणी कुठल्या होलला. नऊ होलच्या मध्ये स्वच्छतागृह कितव्या टीजवळ. हा रकाना सुरुवातीला नव्हता, गेल्या काही वर्षांत आला आणि आता तोच सगळ्यात आधी बघितला जातो. 'गुडघे' या रकान्यात चढ-उतार मोजलेले आहेत. लेमाँटच्या टेकड्यांवर न्यू जर्सीवाल्यांच्या नावासमोर लाल रंग.

मैदानं तरी बरी, ती जागची हलत नाहीत. खरा त्रास माणसांचा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात नाना ग्रुपवर तारखा टाकतात आणि उत्तर मागतात: हो की नाही. या प्रश्नाला आजवर कुणी हो किंवा नाही म्हटलेलं नाही. एक अंगठा येतो. तो होकाराचा की वाचल्याचा, ते कळायला मार्ग नाही. सिएटलवाला लिहितो, "बघतो." डॅलसवाला, "कळवतो." न्यू जर्सीच्या एकाचं उत्तर ठरलेलं: "मला धर, पण पक्कं धरू नकोस." नानांनी अखेर तक्त्यात 'हो' आणि 'नाही' यांच्या मधे 'बघतो' असा स्वतंत्र रकाना केला. सगळी गोल्फवारी त्या रकान्यात राहते. आपली माणसं 'बघतो' म्हणतात तेव्हा त्यांना नाही म्हणायचं नसतं आणि यायचंही नसतं. त्यांना फक्त आपल्याला यादीत ठेवलेलं आवडतं. माझं हे मत. नानांना ते पटत नाही. त्यांच्या मते 'बघतो' म्हणजे साठ टक्के हो, आणि त्यांच्या तक्त्यात तसं सूत्रही आहे. त्यामुळे जेवणाच्या रकान्यात कधीकधी ४.८ माणसं जेवायला असतात.

टी-टाइमचं बुकिंग हा वेगळा सोहळा. कुठल्या मैदानाचं बुकिंग आठवडाभर आधी उघडतं, कुठल्याचं दोन आठवडे, कुठे रहिवाशांना थोडं आधी. त्या मिनिटाला नाना दोन लॅपटॉप आणि वहिनींचा फोन मांडून बसतात. गणपतीत कोकणात जायला तत्काळचं तिकीट काढणारा माणूस ज्या चेहऱ्यानं घड्याळ बघतो, तोच चेहरा. सात बारा, सात एकवीस, सात तीस अशा वेळा पडद्यावर उमटतात आणि विझतात. सात बाराला पहिला गट, सात एकवीसला दुसरा, हे जमलं की नाना वरती येऊन देवापुढे उभे राहतात. देवापुढे मागणं काय, हे विचारायची हिंमत मी केलेली नाही.

मग कार्टवाटप. एका कार्टमध्ये दोघं, म्हणजे चार तास शेजारी बसायचं. मंडळाच्या निवडणुकीपासून ज्यांचं बोलणं बंद आहे ते दोघे एका कार्टमध्ये चालत नाहीत. ज्याला वळणावर ब्रेक लावायची सवय नाही तो आणि ज्याच्या कमरेचं ऑपरेशन झालंय तोही नाही. एक जण गोल्फ खेळता खेळता शेअर बाजाराबद्दल बोलतो. त्याच्याबरोबर दरवर्षी आळीपाळीनं एकेक. नाना हे वाटप रात्री करतात आणि सकाळी टी-बॉक्सवर घडी घातलेल्या चिठ्ठ्या देतात, म्हणजे कुणाला वाद घालायला वेळ राहात नाही.

खाण्याचंही ठरलेलं. नऊ होल झाले की मैदानावर एक खिडकी असते आणि तिथे हॉट डॉग मिळतो. शिकागोत त्यावर मोहरीची चटणी घालतात, केचप मागितलं तर लोक तोंडाकडे बघतात. आमच्यात शाकाहारी तीन, गुरुवार करणारा एक, आणि वारी आषाढात पडली तर एकादशी धरणारे अचानक पाच. बाहेरचं खाणं आत न्यायला बहुतेक मैदानांवर मनाई असते. म्हणून वहिनींच्या तिखटमिठाच्या पुऱ्या गोल्फच्या पिशवीतल्या चेंडूंच्या कप्प्यात जातात. तेरावा होल झाडीत आडवा असेल तर तिथे काढायच्या, असं तक्त्यात लिहिलेलं आहे. रेंजर जवळून गेला की सगळे जण एकदम पटिंगचा सराव करायला लागतात, तोंडात पुरी.

वहिनींचं नाव त्या तक्त्यात खेळाडू म्हणून कुठेच नाही. त्या मंगळवारी बायकांच्या नऊ होलच्या लीगमध्ये खेळतात. शेजारची मेरी बोलावते, या जातात. किती झाले विचारलं तर म्हणतात, मोजतं कोण. मोजतात, ती मेरी मोजते, आणि मेरीनं मला एकदा आकडा सांगितला. मी तो नानांना सांगितलेला नाही.

आता प्रत्यक्ष खेळाबद्दल. नाना चेंडूपाशी येतात, खिशातून लेझरचं यंत्र काढतात, डोळ्याला लावतात आणि जाहीर करतात: एकशे सत्तेचाळीस यार्ड. गवताची काडी उडवून वारा बघतात. चढ असेल तर त्याचे पाच यार्ड मिळवतात. पिशवीत नियमानं चौदाच दांडे चालतात. नाना त्यांतला एक काढतात, परत ठेवतात, दुसरा काढतात. दोनदा हवेत फिरवतात. आणि मग चेंडू चाळीस यार्डांवर, उजवीकडे, झुडपात. "हिशोब बरोबर होता," ते म्हणतात, आणि खरंच असतो. झुडपात शिरल्यावर ते घड्याळ लावतात, कारण २०१९ पासून हरवलेला चेंडू शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात. आपली माणसं एक चेंडू शोधायला झुडपात शिरतात आणि दुसऱ्यांचे चार घेऊन बाहेर येतात, त्यामुळे एकूण ताळेबंद नफ्यातच असतो. चेंडू घेण्यात मात्र अमेरिकेतल्या रानहंसांच्या विष्ठेचा धोका असतो. ते पक्षी शिकागोच्या उपनगरांत बारमाही मुक्कामाला असतात, आणि त्यांच्यासाठी नानांच्या तक्त्यातही काही उपाय नाही.

२०२४ साली त्यांच्या नियोजनाची कसोटी लागली. उत्तर इलिनॉयमध्ये दर सतरा वर्षांनी जमिनीतून सिकाडा किडे लाखोंनी बाहेर येतात आणि मे-जूनमध्ये झाडाझाडांवर बसून एवढा कर्कश आवाज करतात की शेजारचा काय म्हणतोय ते ऐकू येत नाही. मागची फेरी २००७ ची. बाकी सगळे त्या उन्हाळ्यात बेसावध सापडले. नानांनी दोन वर्षं आधीच जून बाद केला होता. पण मग कुठला महिना? सप्टेंबरात भोकं. ऑक्टोबरात सकाळी गवतावरचं दव गोठतं आणि ऊन वर येईपर्यंत मैदानात सोडत नाहीत. ऑगस्टात डॅलसवाल्यांची मुलं कॉलेजला निघालेली. शेवटी जुलै ठरला, तिसऱ्या दिवशी विजा कडाडल्या, भोंगा झाला आणि सगळे क्लबहाउसच्या ओसरीवर जमा झाले. सगळे वैतागले. नाना मात्र खुलले, कारण 'पाऊस' नावाचं पान उघडायची संधी त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती. मैदान लेमाँटचं होतं. त्याच गावात टेकडीवर रामाचं देऊळ आहे, तिथे विवेकानंदांचा पुतळाही आहे. १८९३ चं भाषण पुन्हा एकदा झालं, या वेळी प्रोजेक्टरशिवाय. आणि हो, तक्त्यात २०४१ चा जून आत्ताच लाल करून ठेवला आहे. टोरांटोवाला म्हणाला, नाना, तेव्हा आपण ऐंशीला टेकलेले असू. नाना म्हणाले, "म्हणूनच आत्तापासून."

लेमाँटचं ते मैदान म्हणजे कॉग हिल. गोल्फवारीचं पंढरपूर. चार मैदानं, बहात्तर होल, सगळी सार्वजनिक. जो जेम्सेक नावाच्या माणसानं लहानपणी कॅडी म्हणून पिशव्या वाहिल्या, १९५१ साली हे मैदानच विकत घेतलं, आणि पैसे भरून खेळणाऱ्या साध्या माणसालाही क्लबवाल्यांसारखं मैदान मिळालं पाहिजे असा त्याचा हट्ट होता. १९६४ मध्ये चौथं मैदान उघडलं, डब्सड्रेड, आणि १९९१ पासून वेस्टर्न ओपन ही स्पर्धा तिथे येऊ लागली. १९९७ साली टायगर वूड्स तिथे जिंकला तेव्हा शेवटच्या होलला लोक दोऱ्या ओलांडून त्याच्या मागे धावले होते. नानांना या सगळ्यातलं सगळ्यात आवडतं ते नंतरचं. यूएस ओपन आपल्याकडे यावी म्हणून जेम्सेक मंडळींनी २००८ मध्ये रीस जोन्सला बोलावून डब्सड्रेड नव्यानं खणून बांधून घेतलं. ग्रीन्स नव्या, बंकर खोल. सगळी तयारी झाली. यूएस ओपन काही आली नाही. "पण तयारी बघा," नाना म्हणतात, आणि एखाद्या बंकरच्या काठावर उभे राहून आत बघत राहतात. डब्सड्रेडला आता दीडशे डॉलरच्या वर पडतात, त्यामुळे तो दिवस शेवटचा ठेवलेला असतो. आदल्या दिवशी सरावाला दोन नंबरचं मैदान.

गेल्या जूनमध्ये त्या दोन नंबरवर चौथा माणूस नव्हता. न्यू जर्सीच्या गुडघ्यानं दगा दिला, डॅलसचा एक भाचा अचानक लग्न करायला तयार झाला, सिएटलवाला अजून बघत होता. नाना, टोरांटोवाला आणि मी, असे तिघं. स्टार्टरनं यादी पाहिली आणि म्हणाला, तिघंच आहात, एकटे आलेले एक गृहस्थ आहेत, तुमच्यात घालतो. सार्वजनिक मैदानावर हे चालतंच. कुणाबरोबर कुणाला जोडतील, सांगता येत नाही. नानांचा चेहरा पडला. आयत्या वेळी आलेल्या माणसाची चिठ्ठी त्यांच्याकडे नव्हती.

आले ते एक म्हातारबाबा. वीस-पंचवीस वर्षं जुनी पिशवी, तीत सात-आठच दांडे, ती चाकांच्या गाड्यावर टाकून स्वतः ओढत. टोपीवरचं नाव उन्हानं पुसलेलं. नानांनी विचारलं, टी-टाइम कधी घेतला होता? म्हातारबाबा म्हणाले, घेतला नव्हता. सकाळी उठलो, आभाळ मोकळं होतं.

"आणि जागा नसती तर?"

"घरी गेलो असतो. टोमॅटोंना पाणी घालायचंच होतं."

पहिल्या टीवर नाना यंत्र डोळ्याला लावून उभे होते तोवर त्यांनी चेंडू ठेवला, मारला आणि चालायला लागले. फार लांब नाही, पण मधोमध. दुसऱ्या होलला तेच. तिसऱ्याला नानांना राहवलं नाही; एकशे बावन्न यार्ड आहेत असं त्यांनी उपकाराच्या भावनेनं सांगितलं. म्हातारबाबांनी मान डोलावली. "हो, त्या ओकपर्यंत," ते म्हणाले, आणि चेंडू ओकपाशी जाऊन पडला. नाना दोन होल काही बोलले नाहीत, जे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. नवव्यावर कळलं की हे गृहस्थ पोरवयात इथेच कॅडी होते आणि १९९७ सालच्या त्या गर्दीतही होते.

"टायगरला पाहिलंत?" नाना पार कार्टबाहेर आले.

"नाही. पुढे एक उंच माणूस होता."

तेराव्याला झाडीत पुऱ्या निघाल्या. म्हातारबाबांनी एक खाल्ली, मग दुसरी मागितली, आणि रेंजर येताना दिसल्यावर कुणी न सांगता पटर काढून सराव सुरू केला. टोरांटोवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. अठराव्यापर्यंत नानांचा चेंडू तीनदा पाण्यात आणि दोनदा झुडपात गेला. म्हातारबाबा दर वेळी थांबले, झुडपात शिरले आणि बाहेर येताना त्यांच्या हातात तीन चेंडू. त्यांतला एकही नानांचा नव्हता.

खेळ संपल्यावर त्यांनी टोपी काढून हात मिळवले. नानांनी विचारलं, पुढच्या वर्षीही आम्ही जूनमध्ये येणार आहोत, गुरुवारी सकाळी, याल का आमच्यात? म्हातारबाबांनी आभाळाकडे पाहिलं, गाड्याची मूठ धरली आणि विचार करून म्हणाले, "बघू."

ते पार्किंगकडे वळले. नाना क्षणभर उभे राहिले, मग कार्टमध्ये बसून त्यांनी फोनवर तक्ता उघडला. "आपल्यातलाच निघाला," ते म्हणाले. नाव विचारायचं राहून गेलं होतं, म्हणून 'टोमॅटोवाले' असं लिहिलं आणि 'बघतो'च्या रकान्यात खूण केली.

"न्यू जर्सीच्या खाली टाका," टोरांटोवाला म्हणाला, "ते जुने आहेत."

"वर," नाना म्हणाले. "हा निदान येऊन तरी बघतो."